सुनेचे झिंगे

सून आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानासोबत काचेची एक टाकी आली. टेम्पोतून कपाट उतरलं, गाद्या उतरल्या, तेव्हा सून बाजूला उभी होती. टाकी उतरवायची वेळ आली तशी पदर खोचून पुढे झाली आणि हमालासोबत स्वतः हात लावला. नागपूरला माहेरी तिच्या खोलीत ही टाकी होती म्हणे. आमच्या दिग्रसच्या घरात ती समोरच्या खोलीत, खिडकीजवळ बसली. तिथे माझी शिलाई मशीन असायची. मशीन आतल्या खोलीत गेली. मला विचारलं नाही असं नाही. मुलानं विचारलं, "आई, चालीन ना?" मी म्हटलं, "चालीन." नव्या सुनेसमोर दुसरं काय म्हणणार?

सुरुवातीचे काही महिने त्या टाकीत मासा नव्हता. तळाशी काळी माती, त्यावर वाकडंतिकडं एक लाकूड, लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ, आणि हिरवीगार झाडं. शेजारच्या बाया यायच्या आणि विचारायच्या, मासे कुठं आहेत? सून हसून सांगायची, "आधी पाणी तयार होऊ द्यायचं काकू, मग." बाया माझ्याकडे पाहायच्या. मी चहा ठेवायला उठायची.

माझे यजमान जिनिंगमध्ये कापूस पारखायच्या कामावर होते. चिमटीत कापूस धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी हळू ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हेच जन्मभर केलं. घरी मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघणं मुश्कील. भाजी आवडली तर दुसऱ्यांदा मागायची, नाही आवडली तर पाणी प्यायचं, एवढ्यावरून मी समजून घ्यायची. काम सुटल्यावर तर पेपर आणि आरामखुर्ची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. काही माणसं अशीच असतात, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं.

मग सुनेनं झिंगे मागवले.

आमच्याकडे सुके झिंगे बाजारात मिळतात, वांग्यात टाकून मी करतेही छान. मला वाटलं खायलाच मागवले. ती म्हणाली, "नाही आई, पाळायचे." पाळायचे झिंगे मी तोवर ऐकले नव्हते. नागपूरच्या दुकानदारानं ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवले. मुलगा यवतमाळला नोकरीवर गेलेला, सून घरूनच कंप्युटरवर काम करते आणि त्या वेळी तिची मीटिंग होती. तर हे उठले. पायात चप्पल घातली आणि म्हणाले, "मी आनतो."

मी कळंबच्या माहेराहून दरवर्षी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची, लेकरू कडेवर असायचं, तेव्हा हे कधी स्टँडवर आले नाहीत. तो डबा आणायला गेले. ऑटोनं आले आणि डबा मांडीवर धरून आले.

डब्यात पाण्याची पिशवी होती आणि पिशवीत तांबड्या धाग्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी हलत होतं. सुनेनं पिशवी आधी नुसती टाकीत तरंगत ठेवली. मग झिंगे एका भांड्यात काढले, टाकीतून एक बारीक नळी सोडली, नळीला गाठ मारली आणि टाकीचं पाणी थेंब थेंब भांड्यात पडू लागलं. हे सलाईनकडे पाहावं तसे त्या थेंबांकडे पाहत बसले.

"एकदम का नाही टाकत?" मी विचारलं.

"एकदम नव्या पाण्यात टाकलं तर सहन होत नाही त्यांना," सून म्हणाली. "हळूहळू सवय करावी लागते, आई."

"बराबर हाये," हे म्हणाले. "नवीन जागा हाये त्याईले."

माझे हात कणकेचे होते. मी तशीच दारात उभी राहिले. मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कणकेची परात पुढे सरकवली होती आणि घरात पाहुणे मावत नव्हते. तेव्हा हे कुठे होते, मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरात परत गेले आणि त्या दिवशी पोळ्या जरा जाडच झाल्या.

झिंगे टाकीत गेले आणि दिसेनासे झाले. सारे शेवाळात लपले. हे अस्वस्थ. पेपर उलटा-सुलटा करून टाकीपाशी जायचे. "एक बी दिसून नाई राह्यला." सून सांगायची, "बाबा, ते घाबरले आहेत. दोन-चार दिवसांनी येतील बाहेर." मग ते दोघं टाकीपुढे खुर्च्या टाकून बसायचे. तिचं काम संपलं की संध्याकाळी तासन् तास. एखादा झिंगा शेवाळातून बाहेर आला की हे बोटानं दाखवायचे आणि ती "हो बाबा, हो," म्हणायची. कापूस पाहायचं यांचं भिंग कपाटातून बाहेर निघालं. मी पाहिलं तेव्हा ते सुनेच्या हातात होतं. ते भिंग मी पुसायला घेतलं तरी हे ओरडायचे.

घरात नवे नियम आले. समोरच्या खोलीत मच्छरची अगरबत्ती लावायची नाही, फवारा मारायचा नाही. टाकीत पाणी टाकायचं ते बादलीत भरून ठेवलेलं, नळाचं सरळ नाही. आणि एक दिवस मी चांगल्या मनानं टाकीत पाणी कमी दिसलं म्हणून माझ्या पिण्याच्या पाण्याच्या गुंडातून गडवाभर पाणी घेऊन आले, तर सून जवळजवळ धावतच आली.

"आई, ते नका टाकू. तांब्याच्या भांड्यातलं पाणी त्यांना चालत नाही. मरतात."

ती नम्रपणेच बोलली. पण तो तांब्याचा गुंड माझ्या आईनं मला दिलेला. त्यातलं पाणी या घरातल्या सगळ्यांनी प्यायलं, मुलगा त्यावरच मोठा झाला. मी गडवा परत नेला आणि म्हटलं, "आमी तर नाई मेलो." हे टाकीपुढून म्हणाले, "तू कायले मनावर घेऊन राह्यली? तिले माहीत हाये त्यातलं." बस, त्यांचं एवढंच बोलणं मला बरेच दिवस पुरलं.

एप्रिल लागला. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. झिंग्यांना गरम पाणी सोसत नाही, सुनेनं सांगितलं. कूलर आजवर आरामखुर्चीच्या समोरच्या खिडकीत होता. त्याची हवा स्वयंपाकघरापर्यंत येत नव्हती आणि मी किती वर्षं म्हणत होते की तो जरा सरकवा, मधल्या दारातून वारा येईल, चुलीपाशी माझी लाही होते. दरवर्षी हे म्हणायचे, "पाहू." त्या एप्रिलमध्ये यांनी मिस्त्री बोलावला, खिडकीची जाळी कापली आणि कूलर टाकीच्या बाजूला बसवला. फ्रिजमध्ये बाटलीत पाणी गोठवून ती बाटली दुपारी टाकीत सोडायची, हेही यांचंच काम झालं. माझ्या बर्फाच्या खणात माझा बर्फ राहिला नाही.

याच दिवसांत मी गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या. हे सकाळी फिरायला गेले की शाळेच्या आवारातल्या बदामाची वाळकी पानं वेचून आणायचे. ती पानं पाण्यात टाकली की झिंग्यांना बरं असतं म्हणे. पानं धुऊन तेही गच्चीवर वाळत घालायचे. एकदा दुपारी वावटळ आली. मी खालून धावत वर गेले तर हे माझ्या आधीच पोहोचलेले. पानांवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी पानं दाबून धरली होती. माझ्या कुरड्यांची चादर उडून पाण्याच्या टाकीला गुंडाळली गेली होती आणि कुरड्या शेजारच्या टिनाच्या छपरावर पडल्या होत्या.

"तुमाले दिसल्या नाई का कुरड्या?" मी विचारलं.

"दिसल्या ना. पन दोनच हात हायेत मले."

यात हसण्यासारखं होतं, आज कळतं. त्या दिवशी मी हसले नाही.

पण या सगळ्याहून मला लागलं ते वेगळंच. एका संध्याकाळी मी आत भाजी निवडत होते. समोरच्या खोलीतून यांचा आवाज येत होता, आणि तो थांबतच नव्हता. मी विळी बाजूला ठेवली. हे सुनेला लहानपणचं सांगत होते. गावाबाहेरच्या नाल्यात उन्हाळ्यात डोह उरायचे, तिथे हे आणि यांचा मोठा भाऊ आईचं जुनं लुगडं चार कोपऱ्यांनी धरून झिंगे पकडायचे. भाऊ खोल पाण्याकडे उभा राहायचा आणि यांना काठाकडे ठेवायचा. पकडलेले झिंगे घरी नेले तर मार बसायचा, कारण लुगडं फाटायचं. म्हणून तिथेच दगडावर भाजून खायचे. तो भाऊ पुढे तरुणपणीच तापानं गेला. हे मला माहीत होतं, पण एवढंच माहीत होतं. भिंतीवरच्या फोटोला मी दर अमावास्येला हार घालायची आणि तो माणूस लुगडं धरून पाण्यात उभा राहायचा हे मला माहीत नव्हतं.

सून म्हणाली, "मग बाबा, तुम्हाला पोहता येतं?"

"येत होतं," हे म्हणाले. आणि हसले.

मला जो राग आला तो कोणावर हे मी ठरवू शकले नाही. घरात येऊन वर्ष न झालेल्या पोरीला हे सांगतात. माझ्याशी संसार केला, माझ्या हातचं खाल्लं, मला एवढंसुद्धा सांगितलं नाही. त्या रात्रीच्या जेवणात मी तिच्या ताटात पोळी वाढली नाही, तिनं स्वतः घेतली. तिच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

मेमध्ये तिची आई नागपूरला बाथरूममध्ये पडली आणि मांडीचं हाड मोडलं. सून त्याच दिवशी निघाली. निघताना ती रडवेली होती, तरी टाकीपाशी उभं राहून यांना सगळं समजावत होती. आणि ती गेल्यावर चारच दिवसांनी यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदूचं, यवतमाळला. मुलगा घेऊन गेला आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून यांना परत आणलं. वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, धूळ लागू द्यायची नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू एव्हाना पिकत आला होता, तो नंतर काढायचा होता. म्हणजे यांना माणूस दिसायचा, झिंगा दिसायचा नाही.

मुलगा सकाळच्या बसनं यवतमाळला जाणार तो अंधार पडता पडता येणार. टाकी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी मी बादलीतलं पाणी प्लास्टिकच्या मगानं घातलं. पालकाचं पान उकळून, थंड करून सोडलं. हे खुर्चीवरून विचारत होते.

"आले का पानावर?"

"येऊन राह्यले."

"किती?"

"मोजता येत नाई. हलतात."

"लाकडाच्या मांगं पाह्य बरं. तिथं मोठी राह्यते."

मी वाकून पाहिलं. खरंच एक मोठी, गडद लाल, लाकडाच्या मागे बसली होती आणि समोरच्या बारीक हातांनी भराभर काहीतरी तोंडात घालत होती. एकदा या हातानं, एकदा त्या हातानं. बाई शेंगा सोलते तशी. मी ते यांना सांगितलं. हे ऐकत होते. चष्म्याआडचे डोळे दिसत नव्हते, पण मान माझ्याकडे वळलेली होती. माझं बोलणं हे इतकं कान देऊन ऐकतात, हे मला नवीन होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मला तळाशी एक झिंगा पडलेला दिसला. पांढराफटक, आरपार दिसणारा, आडवा. सुनेच्या हातून काही मेलं नाही आणि माझ्या हाती येताच मेलं. मला गुंड आठवला. कुठे तांब्याचा हात तर लागला नाही? मी यांना काही सांगितलं नाही. मागच्या अंगणात गेले आणि सुनेला फोन केला.

"मेला गं एक," मी म्हटलं. "मी सगळं तू सांगतलं तसंच केलं."

तिकडे दवाखान्याचा आवाज होता. ती म्हणाली, "आई, त्याच्या आत काही आहे का? की नुसतं साल आहे?"

मी आत जाऊन पाहिलं. नुसतं साल होतं. मिशा, पाय, सगळं होतं, आत काही नव्हतं.

"मग ती कात आहे. ते वाढतात तेव्हा टाकतात. काढू नका, ते स्वतःच खातील," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आई, तुम्ही घाबरल्या होत्या?"

"नाई," मी म्हटलं. "आई कशी हाये तुझी?"

"दुखतं खूप. रात्रभर हात धरून बसावं लागतं."

मी बोलले, काळजी घे, जेवत जा. फोन ठेवला आणि लगेच वाटलं, मी पडले असते तर माझा हात धरून कोण बसलं असतं? मला मुलगी नाही. त्या नागपूरच्या बाईचं हाड मोडलं आणि हेवा मला वाटला. तशीच मी आत गेले.

त्या दिवशी यांच्या डोळ्यात थेंब घालताना मी विचारलं, "तुमच्या भावासोबत तुमी झिंगे धरत होते, ते मले कधी सांगतलं नाई."

"सांगतलं असन."

"नाई सांगतलं."

हे डोळा मिटून पडले होते. गालावरून औषधाचा ओघळ आला, मी पुसला.

"तू कधी इचारलं नाई," हे म्हणाले.

"तिनं इचारलं होतं?"

"तिनं इचारलं ना. बाबा, तुमी याच्या आधी जिते झिंगे पाह्यले होते का, म्हने."

"मंग मी काय इचाराले पाह्यजे होतं? मले काय माहीत तुमच्या पोटात नाला हाये का डोह हाये?"

मी थेंबांची बाटली बंद केली. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तो शिट्टी वाजवे. दोन बोटं तोंडात घालून. माय घरातून ओळखे." हे सुनेला सांगितलेलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी आतून सगळं ऐकलं होतं ना, त्यात शिट्टी नव्हती.

मग मी रोज थोडं थोडं विचारू लागले. हे रोज थोडं थोडं सांगू लागले. आणि मध्ये मध्ये मी टाकीत काय चाललंय ते सांगायची. आमचे ते दिवस चांगले गेले, असं म्हणायला हरकत नाही.

एका सकाळी लाकडामागची मोठी मादी बाहेर आली तेव्हा मला तिच्या पोटाखाली काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी भिंग आणलं. यावेळी कोणी ओरडलं नाही. पोटाखाली मोहरीहून बारीक, पिवळट दाण्यांचा घोस होता आणि ती पोटाखालचे पाय हलवून त्यांना सारखा वारा घालत होती. ती अंडी होती, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. पुढे दोन दिवसांनी तशीच दुसरी दिसली, तिच्यापेक्षा लहान. ती फक्त सकाळी, ऊन खिडकीत येण्याआधी शेवाळाखालून निघायची.

"काय नवीन?" हे खुर्चीवरून म्हणाले.

"काई नाई," मी म्हटलं. "पानी जरा कमी झालं."

सुनेलाही फोनवर सांगितलं नाही. ती रोज विचारायची आणि मी म्हणायची, सगळे बरे आहेत. या घरात पहिल्यांदा मला असं काही माहीत होतं जे त्या दोघांना माहीत नव्हतं. मी ते कोणाला देणार नव्हते.

जूनमध्ये सून परत आली. तिच्या आईच्या पायात सळई टाकली होती, मामी सोबतीला आली होती. सून वाळली होती. बॅग दारात ठेवून ती पाणीसुद्धा न पिता टाकीपाशी गेली. हेही गेले, आता एक डोळा स्वच्छ झाला होता. पुन्हा दोघं टाकीपुढे. मी मागे उभी. तीच खोली, तेच दोघं, आणि आधीपेक्षा मला जास्त लागलं, कारण महिनाभर ती खुर्ची माझी होती.

ती बराच वेळ पाहत होती. मग वळून म्हणाली, "आई, एक मादी अंड्यांवर आहे."

"दोन," मी म्हटलं.

"दोन?"

"दुसरी सकाळीच दिसते. शेवाळाच्या खाली, डाव्या हाताले."

हे माझ्याकडे पाहू लागले. "तुले माहीत होतं?"

"होतं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लास्टिकचा मग घेऊन बादलीकडे निघाले तर ती उठलेली होती, केस बांधत समोरच्या खोलीत आली.

"द्या आई, आता मी करते. तुम्हाला फार त्रास झाला."

"राहू दे," मी म्हटलं. "मीच करते. सवय झाली मले."

मी पाणी घालू लागले. बारीक धार, काचेला लावून, तळाची माती हलू नये म्हणून. ती बाजूला उभी होती. पाणी घालून झाल्यावर मी वळले, आणि तिचा चेहरा पाहिला. टाकी तिची, झिंगे तिचे, आणि ती हात मोकळे घेऊन माझ्या मगाकडे पाहत होती. तो चेहरा मला कोणी समजावून सांगायला नको होता. इतके महिने तो मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून करत होते.

हातातला मग मी तिला दिला नाही. खरं सांगते, दिला नाही. पण म्हटलं, "पालक तू उकळ. माह्याकडून लय नरम होतो."

ती आत गेली. भांड्याचा आवाज जरा जोरात आला.

आता टाकीत पिल्लं इतकी आहेत की काच पुसायची भीती वाटते. पाणी माझ्याकडे आहे आणि खाणं तिच्याकडे. मी एखादे दिवशी पान सोडलं तर ती पाहते, आणि तिनं बादलीला हात लावला तर मी पाहते. एकमेकींना बोलत काही नाही. यांचा दुसरा डोळाही झाला. हे संध्याकाळी जिनिंगच्या गेटवरच्या जुन्या मंडळींत जाऊन बसतात, आणि टाकीपुढच्या त्या दोन खुर्च्यांवर बहुतेक आम्ही दोघीच असतो.